वर्गात पुरुष शिक्षक हवेत, पण कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावाच्या स्कूल बोर्डावर मी नुकतीच निवडून आले. शाळांत निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई आहेत. शिक्षकांत मात्र पुरुष कमी, आणि गोरे नसलेले पुरुष, ज्यांना इथे 'मेन ऑफ कलर' म्हणतात, ते तर शोधून सापडत नाहीत. यासाठी समिती नेमायचं चाललंय. अशा पुरुषांना शिक्षकी पेशात आणायचं तर नेमकं काय करावं? आणि जाता जाता, माझा भाचा आयटीची नोकरी सोडून गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणतोय, बहीण कपाळाला हात लावून बसली आहे. त्याला काय सांगू?"

ताई, समिती जरूर नेमा. फक्त पहिल्या बैठकीत भरतीच्या जाहिरातीचा विषय घेऊ नका. त्याआधी एचआरकडून एक यादी मागवा: गेल्या काही वर्षांत डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तुमच्या बोर्डाखालच्या शाळांत, लागलेले आणि सोडून गेलेले पुरुष शिक्षक, ते कोणत्या शाळेत होते, काय शिकवत होते, किती टिकले, आणि जाताना त्यांना कोणी काही विचारलं का. या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं. मी इथल्या सरकारी शाळांत आधी गणित शिकवलं, नंतर बरीच वर्षं नव्या शिक्षकांना मार्गदर्शन आणि मुलाखतीच्या पॅनेलवर बसणं हेच काम केलं. त्यातून माझं मत पक्कं झालंय. हे पुरुष येत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. जे येतात त्यांना आपण शिकवायला घेत नाही, मुलांना वचकात ठेवायला घेतो. मग ते जातात, आणि आपण पुन्हा जाहिरात छापतो.

बोर्डात कोणीतरी "हे आपल्याकडेच आहे का?" असं विचारेल, म्हणून आकडे जवळ ठेवा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या २०२०–२१ च्या पाहणीनुसार देशातल्या सरकारी शाळांत सुमारे ३८ लाख शिक्षक होते. त्यात ७७ टक्के स्त्रिया. प्राथमिक शाळेपुरतं पाहिलं तर जवळजवळ ९० टक्के. वंशाप्रमाणे ८० टक्के गोरे, ९ टक्के हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिनो), ६ टक्के कृष्णवर्णीय, २ टक्के आशियाई. कृष्णवर्णीय पुरुष शंभरात दीडसुद्धा भरत नाहीत. आणि विद्यार्थी? २०१४ च्या शाळा-वर्षापासून सरकारी शाळांत गोरी मुलं निम्म्याहून कमी आहेत.

आपल्या लोकांना हे चित्र चमत्कारिक वाटतं, कारण आपण गुरुजींच्या हाताखाली वाढलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत एकही बाई न भेटलेली मुलं माझ्या पिढीत कितीतरी होती. इथे मूल पाचवी ओलांडेपर्यंत पुरुष भेटतो तो व्यायामाच्या तासाला. हे काही आभाळातून पडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा झपाट्याने उघडल्या तेव्हा होरेस मॅन आणि कॅथरीन बीचर यांच्यासारख्या शिक्षणसुधारकांनी लहान मुलांना शिकवणं हे स्त्रियांचं नैसर्गिक काम म्हणून मांडलं. स्थानिक बोर्डांना ते पटलं, कारण पुरुषाच्या पगारापेक्षा बऱ्याच कमी पैशांत बाई मिळत होती. पगार कमी ठेवण्याची सोय या पेशाच्या पायातच आहे, आणि आजही पदवीधर पुरुषाला इतर क्षेत्रांत जे मिळतं त्याच्याशी तुलना केली तर तफावत बायकांपेक्षा पुरुषांच्या बाबतीत जास्त दिसते.

कृष्णवर्णीय शिक्षकांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती समितीतल्या प्रत्येकाने ऐकायलाच हवी. "या समाजात शिक्षक होण्याची आवडच नाही" असं कोणीतरी हमखास म्हणतं. दक्षिणेत शाळा वेगवेगळ्या होत्या तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना शिकवणारे शिक्षक आणि त्यांचे मुख्याध्यापक कृष्णवर्णीयच होते, आणि गावात त्यांना मान होता. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वंशाप्रमाणे वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मुलं एकत्र आली, पण ती गोऱ्यांच्या शाळांत गेली. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांचे शिक्षक घरी बसले. दक्षिणेच्या आणि दक्षिणेला लागून असलेल्या १७ राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा आकडा नेहमी दिला जातो. काही अभ्यासक तो याहून बराच मोठा मानतात. खुद्द कॅन्ससमधल्या टोपेका गावात, जिथून हा खटला निघाला, निकालाच्या वर्षभर आधी, मार्च १९५३ मध्येच, शाळांच्या सुपरिंटेंडंटने कृष्णवर्णीय शिक्षिकांना पत्रं पाठवली होती. मथितार्थ असा: न्यायालयाने शाळा एकत्र करायला लावल्या तर गोऱ्या मुलांना शिकवायला तुम्ही आमच्या लोकांना चालणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेला पेशा असा मोडला की पुढची पिढी तिकडे वळत नाही. आजी शिक्षिका होती आणि तिला काढून टाकलं, ही गोष्ट घरात राहते.

आजच्या मुलाचा अनुभवही पाहा. २०१७–१८ च्या केंद्रीय आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलगे पटावर सुमारे ८ टक्के होते आणि शाळेतून निलंबित झालेल्यांत जवळजवळ २५ टक्के. ज्या इमारतीत बारा-तेरा वर्षं आपल्यावर नजर ठेवली गेली, तिथेच नोकरी करायला या, असं आपण त्याला सांगतो. तो नाही म्हणाला तर त्यात नवल काय?

आता, याचा उपयोग काय, हा प्रश्न. अभ्यास आहेत आणि चांगले आहेत, पण ते जे सांगतात तेवढंच सांगा. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं वर्गातली मुलांची संख्या कमी केली तर काय होतं, हे पाहायला एक मोठा प्रयोग झाला. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्या तसे वर्गांत वाटले होते, त्यामुळे त्या नोंदी सोन्यासारख्या. अर्थतज्ज्ञ सेथ गेर्शेन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवरून नंतर दाखवलं की बालवर्ग ते तिसरीत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुलं हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याची १९ टक्क्यांनी जास्त होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या आकड्यांवरून याच गटाने असंही सांगितलं की अगदी गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलग्यांना तिसरी ते पाचवीत असा एक जरी शिक्षक मिळाला, तरी शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं.

आता बारकावा ऐका. टेनेसीच्या त्या वर्गांतले कृष्णवर्णीय शिक्षक म्हणजे जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. त्यामुळे हा पुरावा कृष्णवर्णीय शिक्षकाच्या बाजूने आहे, पुरुष शिक्षकाच्या बाजूने नाही. "मुलग्यांना वळण लावायला पुरुषच हवा" हे वाक्य मी कोणत्याही अहवालात राहू देत नाही. एक तर ते वर्षानुवर्षं ही मुलं उभी करणाऱ्या शिक्षिकांवर अन्याय करतं. शिवाय येणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात शिकवण्याऐवजी भलतंच काम बांधतं.

मग मला हे पुरुष का हवेत? मुलांना कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो माणूस कविता वाचताना, फळ्यावर चुकून ती चूक खोडताना, रडणाऱ्या सहा वर्षांच्या पोराचे बुटाचे बंद बांधताना दिसावा म्हणून. सगळ्या मुलांना. आपल्यासुद्धा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे बोलायला जड जातं, पण आपल्या मुलांपैकी कितीजणांनी शाळेत कृष्णवर्णीय पुरुष पाहिला तो सुरक्षारक्षक किंवा बसचालक सोडून? घरी आपण त्यांच्याबद्दल काय बोलतो ते मुलं ऐकतातच. वर्गात त्याला छेद देणारं काही दिसत नाही.

वचकाच्या मुद्द्यावर जरा सविस्तर सांगतो. तिसरीच्या जागेसाठी एकदा मुलाखती चालल्या होत्या. आधी आलेल्या गोऱ्या मुलीला प्रिन्सिपलने विचारलं, "अपूर्णांकांची सुरुवात कशी करशील?" छान प्रश्न, इथे अपूर्णांक तिसरीलाच सुरू होतात. तिच्यानंतर तिशीच्या आतला एक कृष्णवर्णीय तरुण आला. सूट, हातात फोल्डर. त्याला पहिला प्रश्न: "आमच्याकडे दोन-तीन मुलं अजिबात आवरत नाहीत, तुम्ही काय कराल?" दुसरा प्रश्न पालक चिडून आले तर. तिसरा पुन्हा त्या दोन-तीन मुलांबद्दल. प्रिन्सिपल वाईट माणूस नव्हता, उलट या उमेदवाराला घ्यायला तोच सगळ्यात उत्सुक होता. तरुणाने सगळी उत्तरं नीट दिली, आणि मग न विचारताच फोल्डरमधून सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या काढल्या. एकीचे तीन भाग दुमडले, दुसरीचे चार. म्हणाला, "चार तीनपेक्षा मोठे, म्हणून एक चतुर्थांश मोठा, असं निम्मा वर्ग म्हणतो. मी लगेच चूक सांगत नाही. पट्ट्या शेजारी ठेवायला लावतो आणि थांबतो." त्या दिवशी अध्यापनाचं सर्वांत चांगलं उत्तर त्याचं होतं, आणि ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

त्याला नोकरी मिळाली. ऑक्टोबरपर्यंत शेजारच्या वर्गांतली दंगेखोर मुलं त्याच्या वर्गात मागच्या बाकावर आणून बसवायला सुरुवात झाली. "जरा त्यांच्याकडे बसून ये" ही शिक्षा. कॅफेटेरियातली ड्युटी त्याची, बस सुटतानाची त्याची, मुलग्यांचा क्लबही त्याचाच. गटवाचनाचा वेळ यात खाल्ला जायचा. दोन-तीन वर्षांत त्याला बढती मिळाली: डीन ऑफ स्टुडंट्स, म्हणजे दिवसभर शिस्तीची प्रकरणं. पगार वाढला, पण वर्ग सुटला. डिस्ट्रिक्टच्या वार्षिक अहवालात ही बाब 'विविधतेतली प्रगती' म्हणून नोंदली गेली असणार.

हे एका शाळेपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. बर्कलेचे प्राध्यापक ट्रॅव्हिस ब्रिस्टल यांनी बॉस्टनच्या शाळांतल्या कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकांशी बोलून हेच मांडलंय: सहकारी आणि प्रशासक त्यांच्याकडे आधी मुलांना आवरणारा म्हणून पाहतात, विषय शिकवणारा म्हणून नंतर. ओबामांच्या काळातले शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी अशा जादा, बिनमोबदल्याच्या ओझ्याला 'अदृश्य कर' म्हटलं होतं. लॅटिनो शिक्षकाला हा कर दुभाष्या होऊन भरावा लागतो: पालकांचा फोन, ऑफिसमधलं पत्र, नर्सची खोली, सगळीकडे त्याला बोलावणं. आशियाई पुरुष यातून बराचसा सुटतो, मी सुटलो. माझ्याकडे लोक कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचे.

ब्रिस्टल यांच्या कामातला आणखी एक निष्कर्ष समितीत कोणालाच आवडणार नाही. आपल्याला वाटतं, एकटा पडतो म्हणून जातो. चार-पाच जण एकाच शाळेत ठेवले की टिकतील. बॉस्टनमध्ये उलटं दिसलं. शाळेत एकटे असलेले राहायला तयार होते, आणि ज्या शाळांत असे पुरुष गटाने होते तिथूनच ते जास्त जात होते. कारण त्या शाळांची स्थितीच बिकट होती, प्रशासनाशी पटत नव्हतं, आणि तिथे त्यांना खास 'मुलं आवरायला' नेमलं होतं. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे रिचर्ड इंगरसोल यांनी देशभराच्या आकड्यांवरून जवळपास हेच सांगितलंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गोरेतर शिक्षकांची भरती चांगली वाढली, पण त्यांची गळती गोऱ्या शिक्षकांपेक्षा जास्त राहिली. त्यांच्या जाण्यामागे पगारापेक्षा मोठं कारण ठरलं ते वर्गात स्वतःच्या मनाने शिकवण्याची मोकळीक नसणं आणि शाळेच्या निर्णयात आवाज नसणं. थोडक्यात, तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्यात डळमळीत शाळेत तीन नवे कृष्णवर्णीय पुरुष पाठवून 'प्रकल्प' करू नका. ज्या प्रिन्सिपलकडे शिक्षक टिकतात, त्याच्या हाताखाली त्यांना द्या.

यातलं बरंचसं फुकट करता येतं. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, आणि प्रत्येकाकडून वीस मिनिटांचा नमुना पाठ, खऱ्या मुलांसमोर. ड्युट्यांचा तक्ता लेखी आणि आळीपाळीने. दुसऱ्याच्या वर्गातलं मूल शिक्षा म्हणून पाठवायचं नाही, हा नियम प्रिन्सिपलने सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचा. क्लब चालवला, भाषांतर केलं, तर युनियनच्या करारात त्या कामाचा दर असायला हवा. तो वाटाघाटीत घालणं तुमच्या बोर्डाच्याच हातात आहे.

पैसा लागतो तो दुसऱ्या जागी, आणि तिथे तो पोस्टरवर घालवण्यापेक्षा कितीतरी सार्थकी लागतो. शिक्षकाच्या पदवीत एक पूर्ण सत्र शाळेत पूर्णवेळ शिकवावं लागतं. या स्टुडंट टीचिंगचा पगार बहुतेक ठिकाणी शून्य, उलट विद्यापीठाची फी चालूच. ज्याच्या कमाईवर घराचं भाडं आहे, त्याने संध्याकाळी गोदामात पाळी करून सकाळी साडेसातला दुसरीचा वर्ग घ्यायचा? अनेकजण या एका सत्राला अडतात आणि विषय बदलून पदवी घेतात. मिशिगनने हे ओळखलं आणि स्टुडंट टीचरला सत्राला ९,६०० डॉलर द्यायला सुरुवात केली. टेनेसीने जानेवारी २०२२ मध्ये शिक्षकीला केंद्रीय कामगार खात्याची मान्यता असलेली अप्रेंटिसशिप करून घेतली, देशात पहिल्यांदा. तिथे क्लार्क्सव्हिलच्या डिस्ट्रिक्टने ऑस्टिन पी स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर तो रस्ता आखला: माणूस शाळेत पगारी नोकरी करतो, पदवी जवळजवळ बिनखर्चात होते आणि शेवटी लायसन्स मिळतं. इलेक्ट्रिशियन जसा हाताखाली काम करत तयार होतो, तसाच शिक्षक.

असा रस्ता केला तर त्यावरून जाणारी माणसं तुमच्याच इमारतींत आहेत. पॅराप्रोफेशनल, म्हणजे वर्गातले साहाय्यक, शिक्षकांच्या मानाने जास्त गोरेतर असतात. त्यांच्या जोडीला सुरक्षारक्षक, शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारे आफ्टरकेअरवाले, बास्केटबॉलचे कोच. एका पॅराला मी दुसरीच्या वर्गात पाहिलं. स्पेशल एज्युकेशनचा एक मुलगा ४३ मधून १८ वजा करायला बसला होता आणि दर वेळी २५ ऐवजी ३५ लिहायचा, कारण तीनातून आठ जात नाहीत म्हणून तो आठातून तीन काढायचा. पॅराने खोडरबर काढून घेतला, दहा-दहाच्या चार काड्या आणि सुटे तीन मणी पुढे ठेवले आणि एवढंच म्हटलं, "मला आठ मणी दे." मुलाने तीन दिले, थांबला, वर पाहिलं, आणि स्वतःच एक काडी मोडून मागितली. तो माणूस वर्षानुवर्षं तासाच्या दराने तिथेच होता, कॉलेजचे काही क्रेडिट अर्धवट. पुढे शिकायचं का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या समितीने पहिलं पत्र अशा लोकांना लिहावं: कोणाचे किती क्रेडिट राहिलेत, आणि फी भरली तर कोण तयार आहे.

चालू नमुना पाहायचा असेल तर साउथ कॅरोलिनातल्या क्लेम्सन विद्यापीठाचा 'कॉल मी मिस्टर' कार्यक्रम बघा. शतक बदलण्याच्या सुमारास तो सुरू झाला. त्या वेळी राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांत कृष्णवर्णीय पुरुष एक टक्कासुद्धा नव्हते. क्लेम्सनने क्लॅफ्लिन, बेनेडिक्ट आणि मॉरिस या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांना बरोबर घेतलं. फीला मदत, एकत्र राहणारा-शिकणारा गट, परीक्षेची तयारी आणि शेवटी नोकरीला लावून देणं. मोबदल्यात मदत घेतली तितकी वर्षं सरकारी शाळेत शिकवायचं. यातला गट हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये 'एनवायसी मेन टीच' काढलं, तीन वर्षांत एक हजार गोरेतर पुरुषांना शिक्षकीच्या वाटेवर आणण्याचं लक्ष्य ठेवून. त्यांनीही सिटी युनिव्हर्सिटीची मदत घेतली आणि नव्याने लागलेल्यांना जुन्यांची जोड दिली. फिलाडेल्फियात शरीफ एल-मेक्की हे पूर्वीचे प्रिन्सिपल आहेत, त्यांच्या 'सेंटर फॉर ब्लॅक एज्युकेटर डेव्हलपमेंट'ने हायस्कूलच्या मुलांनाच उन्हाळ्यात लहानांना वाचायला शिकवायला बसवलं. पंधरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कळतं की आपल्याला हे जमतं. तुमच्या हायस्कूलमध्ये हे पुढच्याच उन्हाळ्यात करता येईल.

परीक्षांचा अडसरही होता. प्रॅक्सिस कोअर ही वाचन-लेखन-गणिताची प्राथमिक चाचणी न्यू जर्सीने १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली. विषयाची प्रॅक्सिस अजून आहे, आणि ती राहावी असंच मला वाटतं. पदवीधर माणसाची पुन्हा बेरीज-वजाबाकी तपासणं वेगळं, आणि गणिताच्या शिक्षकाला गणित येतं का हे पाहणं वेगळं.

आता कायदा. इथे बोर्डाचे सदस्य उत्साहात फसतात, म्हणून स्पष्ट लिहितो. "ही जागा कृष्णवर्णीय पुरुषासाठी" असं बोलायचं नाही, लिहायचं नाही, ईमेलमध्ये तर अजिबात नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश किंवा लिंग पाहून नोकरी देणं-नाकारणं बेकायदा आहे. मिशिगनमधल्या जॅक्सन गावच्या बोर्डाने नोकरकपातीत गोरेतर शिक्षकांना संरक्षण दिलं होतं; १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं, आणि 'मुलांपुढे आदर्श हवा' हे कारण पुरेसं नाही असं सांगितलं. आणि आपल्या दारातली गोष्ट: न्यू जर्सीतलंच पिस्काटवे. १९८९ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या बिझनेस एज्युकेशन विभागात एक जागा कमी करायची होती. दोन शिक्षिका, दोघी एकाच दिवशी लागलेल्या, पात्रतेत तोडीस तोड. एक गोरी, दुसरी त्या विभागातली एकमेव कृष्णवर्णीय. बोर्डाने विविधतेचं कारण देऊन दुसरीला ठेवलं. पहिली न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयात जिंकली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होण्याआधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, ४ लाख ३३ हजार डॉलरवर तडजोड झाली. त्यातले सुमारे ७० टक्के नागरी हक्क संघटनांनी दिले, कारण निकाल देशभर विरोधात जाईल अशी त्यांना धास्ती होती. तुमच्या बोर्डाच्या वकिलाला हा खटला तोंडपाठ असेल.

मग हातात काय उरतं? उमेदवारांचं जाळं कुठे टाकायचं, हे ठरवण्याचं पूर्ण स्वातंत्र्य. पॅरांना फी देणं, सगळ्या पॅरांना. स्टुडंट टीचरना मानधन, सगळ्यांना. नमुना पाठ, सगळ्यांचा. दार सर्वांसाठी रुंद केलं की आत कोण जास्त येईल ते दिसेलच.

केंद्राच्या पैशावर मात्र विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून जास्त अनुदानं रद्द केली, त्यातली बरीच अशाच कामांची होती. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तूर्त रोखू दिली. जे कराल ते स्थानिक अर्थसंकल्पात बसेल एवढंच करा.

एक विनंती आहे. अहवालात गोरेतर पुरुष शिक्षकांचा एकच आकडा देऊ नका. आपल्याकडचे दोन-चार गणित-विज्ञानाचे भारतीय शिक्षक त्यात मिळवले की आकडा बरा दिसतो आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वर्गात काहीच बदललेलं नसतं. हे मी होताना पाहिलंय, आणि त्या आकड्यात मीही होतो.

आता भाचा. त्याला अडवू नका. न्यू जर्सीत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून 'अल्टरनेट रूट' आहे, म्हणजे शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांसाठीचा मार्ग. पदवी, चांगला जीपीए (गुणांची सरासरी), गणिताचे ३० क्रेडिट, विषयाची प्रॅक्सिस आणि ५० तासांचा सुरुवातीचा कोर्स झाला की सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी मिळतं. मग नोकरी लागते आणि शिकवताशिकवता दोन वर्षांत उरलेलं प्रशिक्षण पुरं होतं. ३० क्रेडिटची मोजणी त्याने आधी करावी. भारतातली इंजिनिअरिंगची पदवी असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि कॉम्प्युटरचे विषय गणितात धरले जातीलच असं नाही. गणिताच्या शिक्षकांची टंचाई आहे, त्यामुळे नोकरी मिळेल. पगार आयटीच्या निम्म्यावर येऊ शकतो, हे बहिणीपासून लपवू नका. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं सॅलरी गाइड, म्हणजे पगाराच्या पायऱ्यांचा तक्ता, उघड असतं. पहिल्या पायरीवर किती आणि दहाव्यावर किती, ते दोघांनी शेजारी बसून वाचावं. टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायम होणं, चार वर्षांनंतर. आरोग्यविमा आणि पेन्शन धरल्याशिवाय तुलना करू नये.

नोकरी सोडण्याआधी त्याने सुट्टी टाकून आठवडाभर मिडल स्कूलमध्ये सब, म्हणजे बदली शिक्षक, म्हणून जावं, सातवीला. सब्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट पदवीधराला अवघड नाही. सातवीचा शुक्रवारचा शेवटचा तास घेऊनही त्याला सोमवारी जावंसं वाटलं, तर पुढचं बोलू. आणि हे सगळं तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आहे असं धरून लिहिलंय. एच-वन-बी व्हिसावर असेल तर नव्या नोकरीसाठी डिस्ट्रिक्टलाच अर्ज करावा लागेल, आणि बरेच डिस्ट्रिक्ट त्या भानगडीत पडत नाहीत. तेव्हा राजीनामा देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायला सांगा.